चर्चा: जुन्या मालिकेच्या शेवटचा लोगो खरवडायचा की राहू द्यायचा?

फ्रेममोजणी
अमेरिकी मालिकांत श्रेयनामावली संपली की तीन ते पाच सेकंद निर्मिती कंपनीचा लोगो झळकतो. कंपनी विकली गेली की पुनःप्रसारणाच्या प्रतीतून तो छाटून नवा मालक तिथे आपला डकवतो. शौकीन मंडळी याला प्लॅस्टरिंग म्हणतात. आपला ‘गिलावा’ त्याला फिट्ट बसतो.

माझं म्हणणं एवढंच: नवा लोगो खुशाल मागे जोडा, जुन्याला हात लावू नका. ‘स्टार ट्रेक’ १९६६ मध्ये सुरू झाली तेव्हा शेवटी डेसिलू या निर्मिती कंपनीचं नाव यायचं. १९६७ मध्ये पॅरामाउंटच्या मालक गल्फ अँड वेस्टर्नने डेसिलू घेतली, तिची पॅरामाउंट टेलिव्हिजन झाली आणि दुसऱ्या पर्वाच्या मध्यातच शेवटचं नाव बदललं. कंपनी हातची कधी गेली, ते भागांच्या शेपटीवरून वाचता येतं. सगळ्यांना आजचा एकच लोगो लावलात की ती खूण पुसली.

हक्कवाला
खूण अभ्यासकाला हवी, प्रेक्षकाला नव्हे. एमटीएम या निर्मिती कंपनीच्या लोगोतलं मांजराचं पिल्लू बघा. ती कंपनी १९८८ मध्ये ब्रिटनच्या टीव्हीएसकडे गेली, १९९३ मध्ये इंटरनॅशनल फॅमिली एंटरटेनमेंटकडे आणि १९९७ मध्ये मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पकडे. एखाद्या वाहिनीला तिच्या मालिकेचा तुकडा वापरायचा असेल तर तिने दार कुणाचं ठोठावायचं? पडद्यावर ‘म्याव’ करणाऱ्या पिल्लाचं? दुकान विकत घेतल्यावर जुन्या मालकाची पाटी कोण ठेवतं हो?

आणि तुमची मंडळी व्हायकॉम कंपनीच्या ज्या ‘व्ही’ लोगोसाठी गळा काढतात (१९७६चा, अंगावर धावून येणारा), तोच कित्येक मालिकांवर मुळात गिलावा आहे! ‘आय लव्ह लूसी’ केली डेसिलूने, पुढे हक्क घेतले सीबीएस या वाहिनीजाळ्याने. १९७० मध्ये एफसीसीने (अमेरिकेची प्रसारण नियामक संस्था) नियम केला की वाहिनीजाळ्यांनी स्वतः पुनःप्रसारणाची विक्री करायची नाही. म्हणून सीबीएसने तो विभाग वेगळा काढला, तो व्हायकॉम. व्हायकॉमने लूसीची एक फ्रेमही चित्रित केलेली नाही. मग नेमका कुठला थर ‘मूळ’ धरायचा?

फ्रेममोजणी
मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच पारड्यात पडतो. सगळे थर एकामागून एक ठेवा. घराच्या उताऱ्यावर जुन्या फेरफारांच्या नोंदी राहतातच ना? नवा मालक आला म्हणून तलाठी आधीचं पान फाडत नाही.

शिवाय काही लोगो म्हणजे निव्वळ पाटी नव्हे. ‘सेंट एल्सव्हेअर’ ही रुग्णालयाची मालिका, म्हणून तिच्यातलं एमटीएमचं पिल्लू शस्त्रक्रियेचा मास्क लावून यायचं. १९८८ मध्ये शेवटच्या भागात तेच पिल्लू यंत्रांना जोडलेलं दिसतं आणि हृदयाच्या ठोक्यांची रेघ सपाट होते. तो छाटलात तर मालिकेचा शेवटचा विनोदच गेला.

टेलिसिने_१६
तत्त्वावर भांडा हवं तितकं. माझा आक्षेप हे काम कसं करतात, त्यावर आहे.

टीव्ही स्थानकांना पुनःप्रसारणासाठी १६ मिमी फिल्मच्या प्रती जायच्या. प्रकाशीय ध्वनिपट्टीत (फिल्मच्या कडेला छापलेली आवाजाची पट्टी) आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो, कारण फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाते आणि मग ध्वनिवाचकावरून. आता जुना लोगो जिथे सुरू होतो तिथेच कात्री लावली, तर त्याच्या पहिल्या २६ फ्रेमचा आवाज आधीच्या, म्हणजे राखलेल्या तुकड्यावर शाबूत असतो. सेकंदाला २४ फ्रेम धरा: नव्या लोगोवर सेकंदभर जुनीच धून वाजते. वर नव्या लोगोचा आवाज नेहमीसारखा पुढे सरकवून छापलेला असेल, तर त्याची सुरुवात लोगोच्या आधीच्या, न जोडलेल्या तुकड्यावर राहून गिळली जाते. स्क्रीन जेम्स या निर्मिती कंपनीच्या १९६५च्या लोगोची एरिक सिडे यांची सिंथेसायझरची धून भलत्याच चित्रावर जेमतेम सेकंदभर ऐकू आली, तर गडबड अशीच झालेली असते.

व्हिडिओवर वेगळीच रड. सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म व्हिडिओच्या २९.९७ फ्रेमवर नेताना एका फ्रेमची दोन आणि पुढचीची तीन क्षेत्रं (एकाआड एक रेघांची अर्धी व्हिडिओ फ्रेम) होतात, म्हणजे दर पाच व्हिडिओ फ्रेमला एक आवर्तन पुरं. आवर्तनाच्या मध्येच काप पडला की पुढे कुणी मूळ २४ फ्रेम वेगळ्या काढायला गेलं, तर तिथे कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात.

हक्कवाला
म्हणजे गिलावा चुकीचा नाही, गवंडी कच्चा. मान्य. नीट करायचं तर?

टेलिसिने_१६
आवर्तनाच्या सीमेवर कापा. शीर्षकसंगीताची शेपटी बहुतेक वेळा लोगोत घुसलेली असते, तेव्हा संगीताची वेगळी पट्टी मिळते का ते आधी पाहा. नसेल तर आवाज ६ ते ८ फ्रेममध्ये उतरवा, कचकन तोडू नका. आवाजाची पातळी अमेरिकेसाठी उणे २४ एलकेएफएसला (प्रसारणात आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) बसवा, नाहीतर लोगो येताच घरातले दचकतात. मालिका ४:३ असेल तर लोगोही ४:३ मध्येच बसवा. काळ्या पट्ट्या अचानक गायब झाल्या की ठिगळ उघडं पडतं.

पॉजबटण
एवढी कलाकुसर बघणार कोण? एनबीसी वाहिनीने १९९४ पासून श्रेयनामावली पडद्याच्या एका कडेला दाबून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लावायला सुरुवात केली. मालिकांचे निर्माते चक लॉरी १९९७ पासून शेवटच्या पाटीवर अख्खा मजकूर लिहितात, रेकॉर्डिंग थांबवून वाचायचा. तशी पाटी कडेला दाबली की थांबवूनही अक्षर लागत नाही.

हक्कवाला
तेच तर सांगतोय! चार मालकांचे चार लोगो, प्रत्येकी चार सेकंद, झाले सोळा. तीस सेकंदांच्या जाहिरातीचा निम्म्याहून जास्त वेळ. कुठली वाहिनी देईल?

फ्रेममोजणी
साठच्या दशकातला अर्ध्या तासाचा भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास असायचा, आज त्याच अर्ध्या तासात बावीसेक मिनिटं मावतात. जाहिरातींसाठी वाहिन्या प्रसंगच्या प्रसंग उडवतात, आणि सोळा सेकंदांचा हिशोब मात्र लोगोकडून मागायचा?