शब्दचर्चा : रक्ताच्या 'घर्षणा'ला दुसरा शब्द हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकरोडला ज्येष्ठ नागरिकांचा आमचा एक वाचनगट आहे. त्यांच्यासाठी रक्तवाहिन्यांवरच्या अलीकडच्या संशोधनाची ओळख करून देणारा लेख लिहिते आहे. गटातले बरेचजण रोज बीपीची गोळी घेणारे, त्यामुळे 'रक्तदाब' समजवावा लागत नाही. अडलंय ते त्याच्या पुढच्या शब्दाशी.

वाहतं रक्त वाहिनीच्या भिंतीवर दोन प्रकारे जोर लावतं. एक बाहेरच्या दिशेनं, भिंतीला काटकोनात. तो दाब. दुसरा भिंतीला समांतर, रक्त ज्या दिशेनं चाललंय त्या दिशेनं, आतल्या थराला सोबत न्यायला बघणारा. इंग्रजी लेखनात याला शिअर स्ट्रेस म्हणतात आणि गेल्या काही दशकांतलं बरंच महत्त्वाचं काम याच जोराभोवती झालं आहे. शोधलं तर 'कर्तन प्रतिबल' सापडतं, कुठे 'अपरूपण'. कर्तन म्हटलं की कात्री डोळ्यांपुढे येते, आणि अपरूपण वाचून आमच्या गटातलं कुणी पुढच्या ओळीला जाणार नाही. मग सरळ 'रक्ताचं घर्षण' लिहावं का? तो शब्द सगळ्यांना येतो.

जोडीला एक उपप्रश्न. रक्तप्रवाह, रक्तपुरवठा आणि रक्ताभिसरण हे तीन शब्द बातम्यांमध्ये एकमेकांच्या जागी येतात. फरक पाळावा का?

म्हसरूळकर

शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून उपप्रश्न आधी घेतो. फरक जरूर पाळा, ताई. रक्ताभिसरण म्हणजे पूर्ण फेरी, हृदयातून निघून पुन्हा हृदयाकडे. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडलं ते हे. धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये नेमकं कुठून उतरतं ते त्यांना पाहता आलं नव्हतं. त्या केशवाहिन्या माल्पिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्तप्रवाह म्हणजे ठरावीक वेळात एखाद्या वाहिनीतून जाणारं रक्त. तो मोजता येतो: विश्रांतीच्या वेळी हृदयातून मिनिटाला साधारण ५ लिटर. रक्तपुरवठा हा अवयवाच्या बाजूनं बघणारा शब्द आहे. मेंदूला, मूत्रपिंडाला, पायाच्या बोटाला गरजेइतकं मिळतंय का? अभिसरण व्यवस्थित चालू असताना एकाच बोटाचा पुरवठा तुटू शकतो. मधुमेह असलेल्या माणसाला 'तुमचं रक्ताभिसरण चांगलं आहे' एवढंच सांगितलं तर तो पायाकडे बघणं सोडेल, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आता 'घर्षण'. माझी कळकळीची विनंती, तो वापरू नका. भौतिकशास्त्राच्या अंगानं तो तितकासा दूरचा नाही. अडचण वाचकाच्या मनातली आहे. मराठीत घर्षणापाठोपाठ झीज येते. घासलं की झिजतं. तुमचा वाचक लगेच म्हणेल, रक्त जोरानं वाहिलं तर वाहिनी खराब होणार, मग सकाळी भरभर चालायला कशाला जायचं? खरी गोष्ट नेमकी उलट आहे.

अभ्यासकांमध्येही यावर वाद होऊन गेलाय. १९६८ मध्ये डोनाल्ड फ्राय यांनी दाखवलं की प्रवाह फारच जोरदार केला तर धमनीच्या आतल्या थराला इजा होते. त्यावरून मेदाचे थर अशाच जागी साचत असावेत असं मानणं सोपं होतं. पुढच्याच वर्षी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधले कॉलिन कॅरो आणि त्यांचे सहकारी म्हणाले, नाही, थर साचतात ते हा जोर कमी असतो त्या जागी. नंतरच्या कामानं कॅरो यांची बाजू भक्कम केली. मानेतली धमनी जिथे दुभागते तो फाटा बघा. फाट्याच्या बाहेरच्या अंगाला रक्त रेंगाळतं, प्रत्येक ठोक्याला थोडं पुढे, थोडं मागे होतं. साचतं ते तिथे. त्याच माणसाच्या, तेवढ्याच कोलेस्टेरॉलच्या आणि तेवढ्याच रक्तदाबाच्या सरळ धमनीत, जिथे रक्त एका दिशेनं नीट वाहत असतं, तिथली भिंत बरीच स्वच्छ राहते.

म्हणजे हा जोर योग्य प्रमाणात, एका दिशेनं आणि सतत मिळणं ही वाहिनीची गरज आहे. हे ज्या शब्दातून कळेल तो शब्द आपल्याला शोधायचाय.

सातपूरची सिस्टर

सरांचं पटलं. मी वॉर्डात काम करते, पेठ-सुरगाण्याकडचे पेशंटही येतात, म्हणून दोन-तीन शब्दांबद्दल लिहिते. लेखात 'शीर' हा शब्द जपून वापरा. पेशंट रक्ताच्या नळीला शीर म्हणतात आणि मज्जातंतूलाही शीरच म्हणतात. 'मानेची शीर दबली' म्हणजे मज्जातंतू, 'सलाइनला शीर सापडत नाही' म्हणजे रक्तवाहिनी. 'नस'चंही तेच. कंबरेतून पायात कळ जाणारे कितीतरी लोक रक्त अडलंय या समजुतीनं घाबरून येतात. आमच्या शाळेच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला होतं, आता धमनी आणि शिरा दिसतं. लेखात 'धमनी', आणि पहिल्या वेळी 'हृदयाकडून रक्त नेणारी नळी' एवढं जोडलं तरी पुरे.

दुसरा 'रक्त पातळ करायची गोळी'. हे आम्ही, डॉक्टर, सगळेच म्हणतो. पण त्या गोळीनं रक्ताचा दाटपणा कमी होत नाही, गुठळी होण्याची शक्यता कमी होते. काही बायका घरी जाऊन गोळी बंद करतात, का तर 'आधीच माझ्या अंगात रक्त कमी, आणखी पातळ नको'. तुमच्या गटात अशा गोळ्या घेणारे असणारच. 'गुठळी न होण्याची गोळी' लिहा. 

तिसरा 'ब्लॉक'. पेशंटचे नातेवाईक विचारतात, 'निम्मा ब्लॉक आहे, म्हणजे निम्मं रक्त चालू आहे ना?' याचं नीट उत्तर सरांनी द्यावं.

म्हसरूळकर

सिस्टर, 'रक्त पातळ'बद्दल अगदी योग्य लिहिलंत. दाटपणाला पारिभाषिक शब्द श्यानता असा आहे, पण इथे दाटपणा चालेल. रक्त पाण्याच्या साधारण तीन-चार पट दाट असतं.

'निम्मा ब्लॉक' हा शब्दप्रयोग फसवा आहे. निम्मा कशाचा? व्यास निम्मा झाला तर आडव्या छेदाचं क्षेत्रफळ पाव उरतं, म्हणजे एकाच ब्लॉकला कुणी ५० टक्के म्हणेल, कुणी ७५. त्यातून प्वासेय यांचा नियम असा की नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातानं बदलतो. त्रिज्या निम्मी, तर तेवढ्या लांबीचा अडथळा १६ पट. तरीही प्रवाह लगेच सोळाव्या हिश्शावर येत नाही, कारण अरुंद भाग आखूड असतो आणि त्यापुढच्या बारीक धमन्या रुंदावून सावरून घेतात. म्हणून अलीकडे नुसत्या चित्रावर न थांबता ब्लॉकच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब बारीक तारेनं मोजतात. औषधानं प्रवाह पुरेपूर वाढवून घेतलेलं 'पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब' हे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर तो ब्लॉक प्रवाहाला खरोखर नडतोय असं धरतात. लेखात टक्के लिहिलेत तर 'व्यासाचे' की 'क्षेत्रफळाचे' हे लिहाच.

जुने नाशिक

मी डॉक्टर नाही, पण मूळ प्रश्नाला नदीकाठच्या भाषेत उत्तर आहे असं वाटतं. गोदेला पूर आला की आपण दोन निराळ्या गोष्टी विचारतो. पाणी कुठवर आलं? त्याचं उत्तर नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती देते, कमरेला लागलं की छातीला. आणि दुसरं, पाण्याला ओढ किती आहे? घाटावर पाणी घोट्याएवढंच असलं तरी ओढ असली तर पायरीवर पाय ठरत नाही. उंची आणि ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. तसा एक दाब आणि दुसरी 'ओढ' म्हणावी. शब्द आपलाच आहे, सगळ्यांना येतो आणि झिजेचं नावही निघत नाही.

गोदाकाठ

काका, किती नेमकं! पण लेखात 'रक्ताची ओढ' लिहिलं तर काय होईल? परदेशातला नातू, माहेर, सख्खी बहीण. आमच्या गटाला तर तेच आधी आठवेल. 'प्रवाहाची ओढ' म्हणून पाहिलं, पण दर वेळी दोन शब्द जोडावे लागतात आणि मधे एखादं 'रक्ताची' निसटून जाणारच.

पंचवटीची लेक

'घसट' कसा वाटतो? घसटून जाणं म्हणजे अंगाला अंग लावून पुढे सरकणं, त्यात दिशा आहे आणि भिंतीला समांतर जाणंही आहे. शिवाय 'त्यांची आमच्याकडे फार घसट आहे' असं आपण नित्याच्या येण्याजाण्याबद्दल म्हणतो. सरांनी सांगितलेलं 'सतत मिळत राहणं' त्यात आपोआप येतं. कुणाकुणाच्या तोंडी घसटीला जरा नापसंतीची छटा असते, फाजील सलगीची, हे मान्य. पण झिजेइतकी ती आड येणार नाही.

म्हसरूळकर

मला 'घसट' मनापासून आवडला. शास्त्रीय निबंधात 'कर्तन प्रतिबल'च राहील, पण सामान्य वाचकासाठी यापेक्षा चांगला शब्द मला तरी माहीत नाही. तो कसोटीला लावून बघू. माहीत असलेल्या गोष्टी त्यातून सांगता आल्या पाहिजेत.

आधी आकार. वरचा रक्तदाब १२० म्हणजे पास्कल या दाबाच्या एककात साधारण १६,०००. धमनीतली घसट मात्र एक ते सात पास्कलच्या घरात. दाबाच्या तुलनेत हजारो पट क्षीण. एवढीशी घसट कुणाला कळणार? कळते ती रक्तवाहिनीच्या अस्तराला. पेशींचा हा एकपदरी थर सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून लागलेला असतो. फार काळ त्याला नुसतं आच्छादन समजत होते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर पाहिलं की अॅसिटिलकोलीन हे रसायन घातल्यावर धमनी सैल पडते, पण अस्तर शाबूत असेल तरच. अस्तर खरवडलं गेलं असेल तर ती सैल पडत नाही. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटत होतं. ते नायट्रिक ऑक्साइड निघालं. या कामासाठी १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. लिहिताना एक जपा: नायट्रिक, नायट्रस नव्हे. नायट्रस ऑक्साइड हा भुलीसाठी वापरतात तो वायू.

घसट वाढली की अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. हे माणसात बघताही येतं. हाताला पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त थांबवायचं आणि मग सोडायचं. रक्त धावत येतं, घसट वाढते, आणि दंडातली धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीनं मोजायचं. १९९२ पासून ही पद्धत वापरात आहे. धूम्रपान करणाऱ्यांत धमनी कमी रुंदावते.

आणि घसट कळते कशानं? याचं एक उत्तर बरंच अलीकडचं आहे. अर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं २०१० मध्ये पिझो नावाची प्रथिनं शोधली. पेशीच्या पडद्यात बसलेली ही दारं पडदा ओढला किंवा दाबला गेला की उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. २०१४ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं की अस्तराच्या पेशींना घसट जाणवते त्यात पिझो-१ चा मोठा वाटा आहे, आणि ते नसेल तर गर्भात रक्तवाहिन्यांची घडण बिघडते. २०१८ मध्ये, पुन्हा उंदरांतच, पिझो-१ आणि पिझो-२ ही दोन्ही मज्जातंतूंतून काढली तेव्हा रक्तदाब सावरून धरणारी प्रतिक्षिप्त क्रियाच गेली. आपण झटकन उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि क्षणात जाते, ती घालवणारी हीच क्रिया. पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळालं. घसट ओळखणारं पिझो हे एकटंच नाही, अस्तरात इतरही रचना हे काम करतात, तेव्हा 'शोध पूर्ण झाला' असा सूर लावू नका.

बघा, एवढं सगळं 'घसट' शब्दानं सांगता आलं. 'घर्षण' लिहिलं असतं तर दर दोन वाक्यांनी खुलासा करावा लागला असता.

सातपूरची सिस्टर

सर, 'नाडी'बद्दलही सांगून टाका. पेशंटना वाटतं, मनगटाला ठोका लागला म्हणजे हृदयातून निघालेलं रक्त तिथे येऊन धडकलं.

म्हसरूळकर

तो ठोका दाबाच्या लाटेचा असतो. लाट धमनीच्या भिंतीतून सेकंदाला काही मीटर वेगानं जाते, रक्त स्वतः मात्र त्याहून पुष्कळ हळू. केशवाहिनीत तर सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. धमनी जितकी ताठर, तितकी लाट वेगवान. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला तर महाधमनी ताठरल्याची खूण मानतात. इथे 'नाडीची लाट' म्हणा. 'नाडीचा वेग' म्हटलं की लोक मिनिटाला किती ठोके ते समजतील.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मुख्य परिच्छेद असा लिहिला आहे, बघा:

"रक्त धमनीच्या भिंतीवर दाब देतं, तसंच तिला घसटून पुढे जातं. ही घसट दाबापेक्षा फार हलकी असते, पण धमनीचं अस्तर ती ओळखतं. रोज भरभर चाललं की घसट वाढते, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. रक्त रेंगाळतं अशा फाट्यांवर घसट कमी पडते आणि मेदाचे थर आधी तिथे साचतात."

सातपूरची सिस्टर

छान झालंय. 'भरभर'च्या आधी 'झेपेल तितकं' घाला. हृदयाचा त्रास असलेलेही वाचणार आहेत. आणि चालतो म्हणून बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे त्याच परिच्छेदात लिहा. खाली तळटिपेत टाकलंत तर कुणी वाचत नाही.

म्हसरूळकर

सिस्टरांच्या दोन्ही दुरुस्त्या घ्याच. माझी एकच: 'घसट कमी पडते'च्या पुढे 'आणि तिची दिशा सारखी बदलते' जोडा. नुसती कमी असण्याइतकंच ते डोलणंही अस्तराला मानवत नाही.