रस्त्याचीही आणि मातीचीही: परवडणारी ड्युअल-स्पोर्ट गाडी निवडताना आलेले अनुभव

धुळाक्षर

रोजचा डांबरी रस्ता आणि सुट्टीच्या दिवशी माती, या दोन्हींना पुरेल अशी एकच गाडी घ्यायची आहे. खिसा बेताचा. माहितीपत्रकात सगळ्याच गाड्या टेकडीच्या टोकावर उभ्या असतात. तिथून त्या खाली कशा आल्या, हे कोणी छापत नाही. म्हणून ज्यांनी अशी गाडी घेतली, आपटली, दुरुस्त केली, विकली, त्यांनी इथे खाली आपापल्या टोपणनावाने लिहावं. 'सर्वात भारी कोणती' हा वाद नको. का घेतली आणि नंतर काय कळलं, एवढंच.

आधी माझी कबुली. रस्ता किती आणि माती किती असं कोणी विचारलं की मी बेधडक 'अर्धं-अर्धं' सांगायचो. मग तीन महिने माझ्या साध्या १५० सीसीच्या गाडीचे किलोमीटर प्रत्येक फेरीला वहीत लिहिले. शंभरात माती निघाली अकरा. त्यातही एकदा रस्ता चुकलो होतो.

आडवातिडवा

तशी वही मी ठेवली असती तर माझी कंबर वाचली असती. मी सीसी बघून घेतली. ६०० च्या वरची, एका सिलिंडरची, जुनी पण देखणी. मोकळ्या रस्त्यावर राणी.

पाऊस थांबून तासच झाला होता. चढावर पुढचं चाक चरात गेलं आणि गाडी उताराच्या बाजूला आडवी झाली. हँडल खाली, चाकं वर. पहिल्यांदा उचलली तेव्हा थोडा रुबाबच वाटला. चौथ्यांदा मागच्या बॅगा सोडल्या. सातव्यांदा तिच्या शेजारी बसून राहिलो. पंधरा मिनिटांच्या चढाला दोन तास लागले आणि क्लचचा वास दोन दिवस नाकातून गेला नाही.

त्यानंतर मी इंजिनाची पानं सोडून फक्त वजनं वाचायला लागलो. होंडाची सीआरएफ३००एल १४० किलोंच्या आसपास, रॉयल एनफील्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन २०० च्या जवळ. दोन्हींना पुढे २१ इंची चाक, दोन्ही खडबडीत वाटांवर चालतात, पण मधले साठ किलो चिखलात आपणच उचलायचे असतात. कोरडं वजन छापलंय की टाकी भरून, तेही बघा. पेट्रोलचं लिटरमागे पाऊण किलो धरा.

आता २५० आहे. नव्वदच्या पुढे इंजिन कुरकुरतं आणि समोरून वारा असला की ट्रक मला मागे टाकतात. तरी विकणार नाही. सल्ला एकच: घेण्याआधी गाडी आडवी घालून उचलून बघा. मालक करू देणार नाही, पण विचारायला काय जातं? उचलताना गाडी गिअरमध्ये हवी, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा. पाठ सीटला टेकवायची आणि जोर पायांनी लावायचा.

टाचा_अधांतरी

वजनाचं पटलं, पण माझी अडचण त्याच्याही आधी सुरू होते. उंची पाच फूट दोन इंच. दुकानात गाडीवर बसले की विकणारे आधी माझ्या टाचांकडे बघतात.

पहिल्या गाडीला मागच्या सस्पेन्शनची लिंक (चाक आणि शॉकअपला जोडणारी पट्टी) बदलून सीट खाली आणली. पाय टेकले, फार आनंद झाला. मग एकेक कळत गेलं. मागची बाजू खाली आली पण पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) तेवढे वर सरकवले नव्हते, त्यामुळे गाडी वळायलाच तयार होईना. साइड स्टँड लांब पडायला लागला, गाडी उभी राहायची ती पलीकडे कलायच्या बेतात. आणि ज्या दगडावरून आधी अलगद जायचे, त्यावर इंजिनाचं पोट घासायला लागलं. म्हणजे ज्यासाठी ही गाडी घेतली, तेच मी पैसे देऊन कमी करून घेतलं होतं.

लिंक परत मूळची बसवली, सीटचा फोम थोडा कापून घेतला आणि थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय पूर्ण टेकवायला शिकले. शिकायला महिना लागला. कागदावरच्या उंचीत अडकू नका. सस्पेन्शन मऊ असेल तर आपण बसल्यावर गाडी बरीच दबते, आणि पुढून अरुंद असलेली उंच सीट रुंद बुटक्या सीटपेक्षा सोपी जाते. यामाहाची टीडब्ल्यू२०० मात्र खरोखरच बुटकी, ७९० मिलिमीटर, आणि टायर ट्रॅक्टरसारखे फुगीर. तिच्यावर हसणारे वाळूत मागे राहिलेले मी पाहिलेत.

हवा_कमी

टायर. बाकी नंतर.

माझी गाडी मुळात जे टायर लावून आली ते डांबराचेच होते, नक्षी तेवढी मातीची. मोठ्या गुठळ्यांचे टायर घातले आणि चिखलात वेगळीच गाडी चालवतोय असं वाटलं. ओल्या डांबरावरही वेगळीच गाडी वाटली, पण ती मजा नव्हती. मागचा ४,००० किलोमीटरात गुळगुळीत झाला. धुळाक्षर, तुमचे अकरा टक्के असतील तर मधल्या नक्षीचे घ्या. मातीत शिरताना हवा कमी करा: मी रस्त्यावर २८-३० पीएसआय ठेवतो, मातीत २० च्या खाली. ट्यूबवाल्या चाकात फार खाली गेलात तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तेव्हा पंप आणि टायर लिव्हर जवळ हवेतच. चाक काढायचा सराव अंगणात करा.

तासांचा_हिशेब

माझी चूक उलट्या टोकाची. हलकी हवी म्हणून शर्यतीच्या जातीची ४५० घेतली, नंबर प्लेट आणि दिवे लावलेली. चालवायला स्वप्न. पण तिच्या पुस्तकात ऑइल बदलायचं अंतर किलोमीटरमध्ये नव्हतंच, तासांत होतं. कामाला जाऊन-येऊनच माझे तास संपायचे. वर्षभर ऑइलच बदलत होतो. विकली.

पान्हा१०

बजेट कमी म्हणजे बहुतेक जण जुनीच घेणार, तर त्याबद्दल. मी अशा चार घेतल्या, पैकी एकीत फसलो.

इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर चहा पिऊन या. गार इंजिन पहिल्यांदा कसं चालू होतं, तिथेच अर्धं कळतं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा; मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेलं. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) डुगडुगू नये. स्पोक पान्ह्याने एकेक वाजवा, सैल असेल त्याचा आवाज बद्द येतो. फोर्कच्या नळीवर तेलाचा ओघळ नको. लिव्हरची टोकं खरचटलेली असतील तर घाबरू नका, मातीत गेलेल्या गाडीला ती असतातच. मला उलट नवीकोरी लिव्हर आणि पोटाखाली चेपलेली बॅशप्लेट (इंजिन वाचवणारा पत्रा) असली की शंका येते.

मी फसलो ते एअर फिल्टरमध्ये. झाकण उघडून पाहिलंच नाही. फोमचा फिल्टर कडेने फाटला होता, त्यातून धूळ किती महिने आत जात होती कोण जाणे. पिस्टन, रिंगा, बोअर, सगळं. झाकणाला एकच स्क्रू होता.

साधी यंत्रणा हवी असेल तर सुझुकीची डीआर६५० बघा. हवा आणि ऑइलवर थंड होणारं ६४४ सीसी इंजिन, दगड लागून फुटायला रेडिएटर नाही, आणि १९९६ चा आराखडा वर्षानुवर्षं जवळपास तसाच चालू राहिला, त्यामुळे भाग जुळतात. आडवातिडवा वजनावरून बोलतील, आणि ते खरंच आहे.

एक_दात_कमी

माझी २०० सीसीची हीरो एक्सपल्स, २०१९ ला आली तेव्हाची. पुढे २१, मागे १८ इंची चाक, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, वजन दीडशेच्या किंचित वर. मातीत तिने मला कधी घाबरवलं नाही. हळू चढावर क्लच फार दाबावा लागायचा, म्हणून पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) एका दाताने लहान केलं. मागे साधारण तीन दात वाढवल्याइतकाच फरक पडतो आणि खर्च किरकोळ. लांबच्या रस्त्याला निघायचं असलं की जुनं परत घालतो. चेनचा ताण तपासताना मात्र मागे कोणाला तरी बसवा. सस्पेन्शन खाली गेलं की चेन ताणते. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन खड्ड्यात तुटायला येते.

धुळाक्षर

सगळ्यांचे आभार. काल एक जुनी २५० बघून आलो. इंजिन गार होतं. फिल्टरचं झाकण उघडलं, फोम स्वच्छ, तेल लावलेला. स्पोक वाजवले, दोन बद्द निघाले. मग धीर करून मालकांना विचारलं, आडवी घालू का? ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि घरातून जुनी गादी घेऊन आले.

दोनदा उचलली. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावला. रविवारी परत जातोय, पैसे घेऊन.