‘विषय चांगला पण संथ, अडीच स्टार’: एवढ्यावर सिनेमा निकालात काढायचा का?

पिटातला_प्रेक्षक
काल रात्री घरात काय बघायचं यावर चर्चा चालली होती, मी म्हटलं चैतन्य ताम्हाणेंचा मराठी सिनेमा ‘कोर्ट’ लावूया. भाचीने लगेच मोबाईलवर शंभरेक सिनेमांवर एकेका ओळीत मतं दिलेली एक यादी काढली आणि वाचून दाखवलं, ‘विषय चांगला पण संथ’. झालं, दुसरंच काहीतरी लागलं. ज्या सिनेमाला 2014 साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात ओरिझोंती या स्पर्धा विभागात पहिलं पारितोषिक मिळालं, मग राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला, त्याची बोळवण चार शब्दांत?

आणि ते ‘संथ’ म्हणजे नेमकं काय, तर शेवटाकडे आरोपीला जामीन नाकारला जातो, कोर्टाला महिन्याभराची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होत जातात आणि पडदा पूर्ण काळा होतो. कॅमेरा जागचा हलत नाही. थिएटरात माझ्या शेजारचे दोघं संपला म्हणून उठलेसुद्धा होते, आणि मग एकदम न्यायाधीश सहलीला निघालेले दिसतात! तुरुंगातल्या माणसासाठी ती सुट्टी केवढी लांब आहे हे त्या काळोखात बसल्याशिवाय कळतच नाही. समीक्षक म्हणवणाऱ्याने निदान हे तरी सांगावं. माझं मत स्पष्ट आहे, स्टार आणि एका ओळीचे शेरे बंद करा, त्याने मराठी सिनेमाचं नुकसान होतंय.

सावजी_रस्सा
अजिबात पटलं नाही. चौघांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला न्यायचं म्हणजे तिकिटं, पार्किंग, मध्यंतरातलं खाणं, महिन्याचं बजेट हलतं हो. मला आधी कळलंच पाहिजे की सिनेमा संथ आहे, सोबत सत्तरीची आई आहे आणि सात वर्षांचा पोरगा. आणि तुमची ती हजार शब्दांची परीक्षणं काय करतात, तर आठशे शब्द गोष्ट सांगतात, शेवट फोडतात आणि खाली ‘छायांकन उत्तम, संगीत श्रवणीय’. त्यापेक्षा दोन ओळी बऱ्या.

कोकणकडा_७
सावजी +१. थोडक्यात लिहिणं सोपं नसतं. अमेरिकेत लिओनार्ड माल्टिन यांच्या गाईडमध्ये हजारो सिनेमांवर असेच चार-पाच ओळींचे शेरे असायचे, 1969 पासून 2014 पर्यंत निघायचं ते, लोक टीव्हीशेजारी ठेवायचे. त्यात 1948 च्या ‘इझन्ट इट रोमँटिक?’ (म्हणजे ‘हे रोमँटिक नाही का?’) या सिनेमावरचा शेरा एका शब्दाचा आहे: ‘नाही.’ एका शब्दात काम झालं ना?

पिटातला_प्रेक्षक
काम झालं शीर्षकाचं. सिनेमात काय होतं, कुणी काम केलंय, काय बिघडलंय, यातलं काय कळलं तुम्हाला?

लोणारची_लेक
मला वाटतं खरा घोटाळा आकड्यांचा आहे. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर 95 टक्के दिसले की लोक म्हणतात 100 पैकी 95 मार्क. तसं नसतं ते! शंभर समीक्षकांपैकी 95 जणांना सिनेमा बरा किंवा त्याहून चांगला वाटला एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे सगळ्यांना ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ वाटलेला सिनेमा शंभर टक्क्यांवर जातो, आणि निम्म्यांना जीव की प्राण, निम्म्यांना असह्य असा सिनेमा पन्नासवर लटकतो. वेगळं काही करणारा माणूस त्यात कायम मार खाणार.

जुना_मिनर्व्हा
अहो एवढं काय मनाला लावून घेता, ‘शोले’ला 1975 मध्ये सुरुवातीला समीक्षकांनी झोडपलं होतं, पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. चांगला सिनेमा टिकतोच.

पिटातला_प्रेक्षक
काका, ‘शोले’ला थिएटरात थांबायला वेळ मिळाला म्हणून टिकला, लोकांनी लोकांना सांगेपर्यंत तो पडद्यावर होता. आज मराठी सिनेमाचं शुक्रवार ते रविवार काय ते होतं. ‘कोर्ट’ लागला त्याच महिन्यात, 2015 च्या एप्रिलमध्ये, सरकारला मल्टिप्लेक्सनी मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्यावा म्हणून जाहीर करावं लागलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावात तर एका चांगल्या मराठी सिनेमाला सकाळी दहाचा एकच शो दिला आणि सोमवारी तोही काढला, आम्ही मंगळवारी जाणार होतो. असल्या चार दिवसांत ‘संथ’ हा एक शब्द किती माणसं घरी बसवतो याचा विचार करा. आणि गुरुदत्तांचा 1959 चा ‘कागज़ के फूल’? तो नाहीच टिकला तेव्हा. गुरुदत्त 1964 मध्ये गेले, आणि मराठीत अरुण खोपकरांचं ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ आलं 1985 ला. ते पुस्तक वाचून मी तो सिनेमा परत बघितला, तेव्हा कुठे त्यातला उजेड आणि सावली दिसायला लागली. हे स्टार देऊन होत नाही.

सावजी_रस्सा
पुस्तक वेगळं, शुक्रवारचं मत वेगळं. पुस्तक सिनेमा बघून झाल्यावर वाचायचं, मत जायच्या आधी. तुम्ही दोन्ही एकाच तागडीत टाकताय.

पिटातला_प्रेक्षक
बरं मग, नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ दोन ओळीत सांगून दाखवा. स्टार न देता, ‘संथ’ न म्हणता.

सावजी_रस्सा
घ्या. ‘डुक्कर तावडीत आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, आख्खं घर आहे तिथे ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. हे बघून हसू आलं तर शेवटचा दगड आपल्याच दिशेने येतो, लहान पोरांना न्यायचं तर बरोबर बसून बोलायची तयारी ठेवा.’

लोणारची_लेक
अंगावर काटा आला. तीन वेळा बघितलाय, तरी आत्ता परत लावावासा वाटतोय.

पिटातला_प्रेक्षक
सावजी, हे मान्य. मनापासून. तुम्ही सिनेमातली एक जागा नीट बघितलीत आणि ती उचलून दिलीत, असं कुणी लिहिलं तर माझी काही तक्रार नाही. पण स्टारला माझा विरोध कायम आहे, ‘फँड्री’ला किती स्टार द्यायचे हे मला आजही कळत नाही.

सावजी_रस्सा
स्टार मी बघणारच, आईला नेताना मला ते लागतात. पण आज रात्री ‘कोर्ट’ लावतो, तो काळा पडदा येईपर्यंत उठणार नाही. उद्या इथेच लिहितो.

कोकणकडा_७
आणि ‘किल्ला’ या मराठी सिनेमावर कोण लिहितंय? तोही ‘संथ’ म्हणून सोडलेले चार जण माझ्या ऑफिसात आहेत, त्यांना पाठवायचंय.