घरमालक कंपनी, आणि कोर्टात आपण एकटे: तुमचे अनुभव लिहा

धंतोलीची_लेक
काल रात्री भाचीचा फोन. नागपुरातच मनीषनगरला राहते, फ्लॅट एका कंपनीच्या मालकीचा, पूर्ण बिल्डिंगच त्यांची. व्हॉट्सॲपवर मेसेज आला म्हणे, आठ दिवसांत खोली रिकामी करा. रडून राहिली होती पोरगी. तिला धीर देता देता मी कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली, किती वर्षांनी. आत परत आलेल्या मनीऑर्डरच्या फॉर्मचा गठ्ठा, रबर वितळून कागदाला चिकटलेलं, एकोणचाळीस फॉर्म, आणि प्रत्येकावर निळ्या शाईत 'घेण्यास नकार'.

आमचं घर म्हणजे धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याचा मागचा भाग, दोन खोल्या न पडवी, भाडं ६०० रुपये, बाबांच्या वेळेपासून. मालकीणकाकू गेल्या आणि २००८ ला त्यांच्या मुलांनी बंगला एका कंपनीला विकला. त्या महिन्यापासून भाडं घ्यायलाच कोणी तयार नाही. चौकीदार म्हणे ऑफिसात द्या, ऑफिसवाला म्हणे मुंबईला पाठवा. पोस्टातल्या काकांनी सांगितलं, बेटा मनीऑर्डर कर आणि परत आली की फॉर्म फेकू नको. तेव्हा वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन, म्हणजे दर महिन्याला ६०० च्या मनीऑर्डरला ३० रुपये, आणि ती परत येणार हे माहीत असून. आई म्हणायची कशाला पैसे पाण्यात घालते.

मग दावा आला. दोन कारणं, एक म्हणजे भाडं थकवलं, दुसरं म्हणजे कंपनीला स्वतःच्या ऑफिससाठी जागा पाहिजे. वकील लावला होता, फी दिली, तीन तारखांना आले नाहीत. चौथ्या तारखेला पुकारा झाला आणि मीच उभी राहिले. पाय असे कापत होते की टेबलाला धरलं. जज साहेबांनी विचारलं वकील कुठाय, म्हटलं सर मीच बोलीन. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, लेखी जबाब दिला आहे का? नव्हता. खर्च भरून मुदत मिळाली आणि मी रात्रभर बसून मराठीत लिहिला, अकरा पानं.

उलटतपासणीचा दिवस मला जन्मभर लक्षात राहील. कंपनीचा साक्षीदार मुंबईहून आलेला तरुण अधिकारी. मी विचारलं, तुम्ही ही जागा पाहिली आहे का? फोटो पाहिले म्हणाला. किती खोल्या आहेत? तीन. दोन आहेत. ऑफिसात किती माणसं बसणार? सांगता येणार नाही. मग मी त्याच रस्त्यावरच्या कंपनीच्याच दुसऱ्या बिल्डिंगचा फोटो दाखवला, पहिला मजला रिकामा आणि वर बोर्ड, भाड्याने देणे आहे. त्यांच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली, फोटो शाबीत नाही. मग पुढच्या तारखेला आमच्या चौकातल्या फोटो स्टुडिओवाल्या काकांनी अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं आणि निगेटिव्ह खिशात घेऊन साक्षीला आले. एक पैसा घेतला नाही त्यांनी.

२०१३ ला दावा खारीज झाला. पुढे अपील वगैरे आहे, ते मग सांगते. आधी तुमच्यापैकी कोणी असं एकट्याने लढलं असेल तर लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

सदरवाला_भाऊ
ताई अकरा पानं!! मी तर दहावीच्या पेपरातही सप्लिमेंट घेतली नव्हती जी. पण मनापासून सलाम. कोणता बंगला हो, तो कडुनिंबाचा मोठा झाड असलेला का, आमची ट्युशन होती तिकडे

धंतोलीची_लेक
हो तोच 🙂 ट्युशनवाले सर पुढच्या भागात राहायचे

सदरवाला_भाऊ
अरे बाप्पा! तुमच्या पडवीत आम्ही सायकली लावायचो, तुमची आई ओरडायची आणि मग पाणी पण द्यायची. कशी आहे आई?

धंतोलीची_लेक
बरी आहे. गुडघे गेले. सायकलींचं सांगते तिला आज

निवृत्त_टायपिस्ट
कोर्टाच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन माझी तीस वर्षं गेली म्हणून लिहितो. एकट्याने केस चालवणारी माणसं कायद्याने क्वचितच हरतात, कागदाने हरतात. प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं, त्याची नक्कल अधूनमधून काढत जा. तुमचा कागद नुसता फाइलला लावून उपयोग नाही, त्याला निशाणी क्रमांक (कोर्टाच्या फाइलीतला नंबर) पडला का ते शिरस्तेदाराला, म्हणजे कोर्टातल्या मुख्य कारकुनाला विचारा. पुरसिस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन), मुदतीचा अर्ज, काहीही दिलं की आपल्या प्रतीवर समोरच्या वकिलाची पोच सही घ्या. आणि मराठीत लिहायला घाबरू नका, खालच्या कोर्टाची भाषा मराठीच आहे.
अजून एक. आपल्या विदर्भात आधी १९४९ चा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश होता, त्यात मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी आणावी लागे, मग नोटीस, मग दावा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि सगळं थेट कोर्टात गेलं. जुनी माणसं अजूनही 'परवानगी कुठाय' म्हणत बसतात आणि इकडे मुदत निघून जाते.

पारडीकर
निवृत्त काकांनी मुदत म्हटलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी या विषयावर कोणाशी बोलत नाही. आमच्या बाबांना वाटायचं समन्स घेतलं नाही म्हणजे केसच होत नाही. समन्स घेऊन कोर्टाचा बेलीफ आला की मागच्या दाराने जायचे. दोनदा तसं झालं, तिसऱ्यांदा बेलीफ दारावर चिकटवून गेला, बाबांनी तो कागद फाडून चुलीत घातला, आम्हाला सांगितलंच नाही. एकतर्फी निकाल. कळलं तेव्हा पोलीस घेऊन ताबा घ्यायला आले होते, आजीचं अंथरूण उचलून रस्त्यावर ठेवलं आम्ही. एकतर्फी निकाल रद्द करायला तीस दिवस असतात हे नंतर कळलं. बाबांना दोष नाही देत. भीती वाटायची त्यांना कोर्टाची, आणि कोणी समजावून सांगणारं नव्हतं. ताई तुमच्या भाचीला सांगा, आलेला प्रत्येक कागद हातात घ्यायचा, तारीख लिहायची.

धंतोलीची_लेक
दादा, वाचून डोळ्यात पाणी आलं. हे लिहिलंत त्यासाठी खरंच आभार.

मिरची_ठेचा
आमचं वेगळंच. कंपनीने केस नाही केली, पाणी तोडलं. मे महिना, नागपूरचा मे, ४५ च्या वर पारा, कूलरमध्ये टाकायला पाणी नाही, घरात आठ महिन्यांचं लेकरू. म्हणे पाइपलाइनचं काम चालू आहे. मी शेजारच्या दोघींना घेतलं आणि अर्ज केला, भाडे कायद्यात कलम २९ आहे, मालकाला पाणी वीज अशा जरुरीच्या सोयी विनाकारण तोडता येत नाहीत, कोर्ट परत सुरू करायला लावू शकतं. अर्जासोबत तीन गोष्टी लावल्या, भाड्याच्या पावत्या, कोरड्या नळाचे तारीखवार फोटो आणि टँकरवाल्याची बिलं. टँकरची बिलं पाहिल्यावरच साहेबांचा चेहरा बदलला. पंधरा दिवस लागले पण पाणी आलं. ते पंधरा दिवस कसे काढले माझं मला माहीत

गोकुळपेठची_काकू
अगं त्या वाळ्याच्या ताट्या वापरल्या का कूलरला? आता मिळतच नाहीत चांगल्या, सगळं लाकडाचं गवत

मिरची_ठेचा
काकू पाणीच नव्हतं तर ताट्या कशाला 😅 पण हो कॉटन मार्केटकडे मिळतात अजून, लवकर जावं लागतं

हिंगणा_रोड
माझा अनुभव सगळ्यांना उपयोगी नाही पण लिहितो. मी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघायचो, इतवारीतलं गोडाऊन साठ वर्षांपासून भाड्याने. मालकाने दावा केला तेव्हा आमचे शेठ निवांत, जुना भाडेकरू आहे कोण काढतो. पण भाडेकरूच कंपनी असेल आणि तिचं भरणा झालेलं भांडवल (भागधारकांनी शेअरपोटी प्रत्यक्ष भरलेले पैसे) एक कोटी किंवा त्याहून जास्त असेल तर त्या जागेला हा कायदाच लागू होत नाही. कलम ३. आमचं भांडवल सव्वा कोटी होतं, आदल्याच वर्षी बँकेच्या कर्जासाठी वाढवलेलं, फॉर्म मीच भरले होते. गोडाऊन गेलं. लोक उलटं समजतात म्हणून मुद्दाम सांगतो, मालक कितीही मोठी कंपनी असली तरी तुमचं माझं संरक्षण जात नाही, तिथे भाडेकरू कोण आहे ते पाहतात.

दोन_खोल्यांचा_मालक
मी मालकाच्या बाजूचा आहे, पण कंपनी नाही. महालात दोन खोल्या भाड्याने दिल्या होत्या, भाडेकरूने चार वर्षं एक रुपया दिला नाही, माझ्या वडिलांच्या औषधाचे पैसे त्यातून यायचे. कायदा भाडेकरूचाच आहे असं वाटायचं मला. तुमच्या मनीऑर्डरी वाचल्या आणि वाटलं, असा भाडेकरू मिळाला असता तर आम्ही आयुष्यभर ठेवला असता.

धंतोलीची_लेक
दादा तुमचा राग रास्त आहे. चार वर्षं न देणं म्हणजे फसवणूकच. आणि खरं तर कायदाही तेच म्हणतो, भाडेकरू भाडं द्यायला तयार असेल तरच त्याला संरक्षण. मालकाने मागणीची नोटीस दिल्यावर ९० दिवस थांबायचं, मग दावा. त्यानंतरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याज आणि खर्चासकट कोर्टात भरली आणि पुढे भरत राहिलं तर थकबाकीवरून घर जात नाही. मी ते सगळं भरलं होतं, नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेतात तिथे, आईच्या पाटल्या मोडून. पाटल्या परत नाही करता आल्या अजून.

वर्धा_रोडची_वकीलीण
प्रॅक्टिस करते म्हणून थोडं भाचीसाठी. फ्लॅट असला म्हणजे बहुतेक लिव्ह अँड लायसन्स असणार, त्याला वेगळा रस्ता आहे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे. तिथून समन्स आलं तर नुसतं हजर राहून भागत नाही, ३० दिवसांच्या आत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही दिलं तर मालकाचं म्हणणं मान्य केलं असं धरतात. करारनामा आधी पूर्ण वाचा, नोटिशीचं कलम काय आहे, मुदत संपली आहे का. मुदत संपल्यावर राहिलं तर भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते, त्यामुळे हट्टाने बसून राहू नका. पण व्हॉट्सॲपचा मेसेज म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही, कुलूप बदलून सामान बाहेर काढता येत नाही कोणालाच. कोणी काढलंच तर सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा करता येतो, मालकी सिद्ध करायची गरज नसते.
आणि ताई, तुम्ही एकट्याने लढलात त्याचा आदर आहे, पण तुम्हाला वकील फुकट मिळाला असता. १९८७ च्या कायद्याने बाईला उत्पन्न कितीही असो मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टातच असतं.

धंतोलीची_लेक
हे मला २०१० मध्ये कोणीच सांगितलं नाही हो. मी त्या ऑफिसच्या बाकावर बसून डबा खाल्लाय. दार उघडं असायचं, पाटी होती, मला वाटायचं हे कैद्यांसाठी असतं.

सदरवाला_भाऊ
ताई डब्यात काय असायचं

धंतोलीची_लेक
पोळी न तिखट बेसन. आई तारखेच्या दिवशी सांबारवडी करायची कधी कधी, निकालाच्या दिवशी पण केली होती, मी चौथ्या मजल्यावरून खाली येईपर्यंत झुरकं न वड्या सगळं सांडलं पिशवीत

गोकुळपेठची_काकू
सांबारवडी म्हणजे पुण्याकडच्यांना वाटेल सांबारातली वडी 😄 कोथिंबिरीला आपण सांबार म्हणतो हो. सारणात खसखस घालते का गं आई?

धंतोलीची_लेक
घालते न, आणि किसलेलं खोबरं भाजून

पारडीकर
अपिलाचं सांगणार होता तुम्ही

धंतोलीची_लेक
हो राहूनच गेलं, मध्ये कुकर लावला. कंपनी जिल्हा न्यायालयात अपिलात गेली. तिथेही मी दीड वर्ष उभी राहिले. मग आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आलं, संडास अंगणात होता आमचा, ती रात्री दोनदा पडली. मी स्वतःच लोकअदालतीत ठेवा म्हटलं. कंपनीचा माणूस पहिला आकडा सांगून गेला तो ऐकून मी उठूनच आले, तिसऱ्या वेळेला जुळलं. त्यात थोडं कर्ज टाकून नरेंद्रनगरला वन बीएचके घेतलं, तळमजला, संडास आत. काही जण म्हणाले जिंकलेली केस सोडली. असेल. आईला रात्री भिंत धरून चालावं लागत नाही आता. तडजोडीत मी एक ओळ हट्टाने लिहून घेतली होती, तुळशीवृंदावन आम्ही नेणार. कंपनीचे वकील हसले, साहेबांनी लिहिलं. हातगाडीवरून आणलं, एक कोपरा तुटला अजनीच्या पुलावर.

निवृत्त_टायपिस्ट
ती तडजोड पुरसिस मीच टाइप केली असणार ताई. तुळशीवृंदावन लिहिलेली एकच आठवते मला. मी विचारलं होतं, दगडी की सिमेंटचं, वर्णन लिहावं लागेल.

धंतोलीची_लेक
दगडी! काका तुम्ही!! तुम्ही पैसे घेतले नव्हते त्या दिवशी

निवृत्त_टायपिस्ट
आठवत नाही. घेतले असतील.

मिरची_ठेचा
आता मला रडू यायलं

धंतोलीची_लेक
भाचीने आत्ता करारनाम्याचे फोटो पाठवले. अकरा महिन्यांचा, नोंदणी केलेला, पाच महिने बाकी आहेत, आणि नोटीस एक महिन्याची आणि लेखी लिहिलंय. वकीलताई, पान तीन जरा अस्पष्ट आहे, उद्या परत काढायला सांगते. तिला म्हटलं सोमवारी दोघी जाऊ, विधी सेवाच्या ऑफिसात, ते दार मला माहीत आहे.