दंडाची बेटकुळी नेमकं काय काम करते? आपापले अनुभव टाका

फिजिओ_सातरस्ता: बायसेप, म्हणजे हीच बेटकुळी, हात कोपरात वाकवतो एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण खांद्याच्या फऱ्यापासून दोन टोकांनी निघून तो कोपराखाली अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला, म्हणजे रेडियसला चिकटतो, त्यामुळं तळहात वर फिरवायला खरा जोर त्याचाच. नुसतं वाकवायला त्याच्याखालचा ब्रेकियालिस नावाचा स्नायू जास्त राबतो. कोपर काटकोनात ठेवून दंड चाचपा, तळहात वर करताना गोळा टम्म होतो बघा. कामात, घरात, जिममध्ये तुम्हाला कुठं जाणवलं ते लिहा.

लूमवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. उजव्या हातानं स्क्रू आवळताना काय वाटत नाही पण जाम झालेला सोडवताना जीव जातो, कारण तेव्हा हात बायसेपच्या उलट दिशेला फिरतो. आमच्यातला डावखुरा पोरगा असले स्क्रू सहज सोडवतो, डाव्या हाताला तीच बाजू सोयीची.

माढ्याची_लेक: वडिलांचं सांगते. टेम्पोतून टॉवेलचं गाठोडं घसरलं, ते धरायला गेले अन् कोपराच्या घडीत फट् आवाज झाला, संध्याकाळपर्यंत सगळं काळंनिळं. पहिल्या डॉक्टरांनी स्नायू ताणला म्हणून मलम दिलं. चहाचा कप उचलायचे पण कुलपात किल्ली फिरवायला जोरच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी कोपर वाकवून, तळहात वर करायला लावून घडीतल्या दोरीखाली बोट अडकवून बघितलं तर दोरीच लागेना, टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी ती दोरी, हाडापासून सुटलेलं. ऑपरेशन करून परत बसवलं, उशीर केला असता तर ते वर आकसून बसवणं अवघड झालं असतं म्हणाले.

जुनी_तालीम: माझं साठीनंतर खांद्याकडचं लांब टोक तुटलं, गोळा खाली सरकला. दुसरं टोक शाबूत होतं, ऑपरेशन लागलं नाही. चादरींचा गठ्ठा अजून उचलतो.

शेंगाचटणी: मला खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखालंय, बाळाला पाळण्यातून उचलताना तर फारच. हा पण बायसेपच का?

फिजिओ_सातरस्ता: असू शकतो ताई, लांब टोकाचं टेंडन तिथूनच खाचेतून वर जातं. पण खांद्याचे इतर स्नायूही तिथंच दुखतात, तेव्हा तपासून घ्या. तोवर हात लांब करून उचलू नका, पाळण्याला चिकटून उभ्या राहा, बाळाला आधी छातीशी घ्या, मग सरळ व्हा.