३-क्लोरो-४-फ्लोरोॲनिलिन: सांडलं तर भाजत नाही, मग भीती कशाची?

नवा_केमिस्ट (घणसोली)

बीएस्सी करून रबाळे एमआयडीसीत लागलो, तीन आठवडे झाले. आमच्याकडे ३-क्लोरो-४-फ्लोरोॲनिलिनचे ड्रम येतात. आत माल दगडासारखा घट्ट. गरम पाण्याच्या टाकीत उभे करून वितळवायचे आणि रिॲक्टरला घ्यायचे. पुढे याचं काय होतं हे कुणी नीट सांगत नाही. नावात फ्लोरिन आहे म्हणून मी फर्स्ट एडच्या पेटीत एचएफने (हायड्रोजन फ्लोराइडने) भाजल्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आहे का विचारलं, तर सगळे नुसते बघत राहिले. एचएफसारखं हे भाजतं का? परवा एका हेल्परच्या पॅन्टवर सांडलं. त्याने फडक्याने पुसलं आणि कामाला लागला. म्हणाला, "जळजळत नाही, काही होत नाही."

ऐरोलीचे_काका

तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे, म्हणून अरेतुरे करतो. तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लांटवर काढली, त्यातली बरीचशी असल्याच अमाइनच्या ड्रमांजवळ.

आधी उपयोग सांगतो. याच्यापासून नॉरफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक बनतं. तिथे शेवटी क्लोरीन निघून त्या जागी पायपरेझिन बसतं आणि फ्लोरिन औषधात तसाच राहतो. फुप्फुसाच्या कर्करोगावरचं गेफिटिनिबही यातूनच. त्यात मात्र क्लोरीन आणि फ्लोरिन दोन्ही राहतात. दोन्हींची रचना कागदावर काढून बघ, तुझ्या ड्रममधलं बेंझिनचं कडं ओळखू येईल.

आता एचएफचं. बेंझिनच्या कड्याला चिकटलेला फ्लोरिन कातडीवर सुटून येत नाही, त्यामुळे यावर ते जेल लागू नाही. आग लागली तर मात्र धुरात हायड्रोजन फ्लोराइड येतं. तेव्हा श्वासाचा सिलिंडर लावल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

तुझा हेल्पर म्हणाला ना जळजळत नाही, खरी भीती तीच आहे. आमच्याकडे मे महिन्यात एका ऑपरेटरच्या बुटात वितळलेला माल गेला. मोजा ओला लागला, त्याला वाटलं घाम. शिफ्ट संपेपर्यंत तसाच उभा. संध्याकाळी रबाळे स्टेशनच्या बाकड्यावर डोकं धरून बसला. सोबतच्याने विचारलं, "जांभळं खाल्लीस काय रे?" ओठ तसेच झाले होते, नखंसुद्धा. सोबतच्याला शंका आली म्हणून तो त्याला परत गेटवर घेऊन आला. ठाण्याची गाडी पकडून तो घरी जाऊन झोपला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

ॲनिलिनच्या घराण्यातला माल कातडीतून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतो. ते प्राणवायू वाहून नेत नाही. परिणाम दिसायला काही तास लागू शकतात. सांडलं की कपडे, बूट, मोजे तिथल्या तिथे उतरवायचे आणि साबण लावून भरपूर पाण्याने धुवायचं. पाणी गरम नको, गरम पाण्याने कातडी जास्त शोषते. त्या दिवशी दारूला तर हातही लावायचा नाही, त्रास वाढतो.

हा माल ४५ अंशांच्या आसपास वितळतो. आम्ही टाकीचं पाणी ६० च्या वर जाऊ देत नसू. बुच आधी सैल करायचं, वर एक्झॉस्ट चालू हवा. हातमोजे ब्यूटाइल रबराचे. तपासणीचे पातळ निळे हातमोजे इथे चालत नाहीत.

तो हेल्पर आज आला का? ओठ बघितलेस?

ओएचसी_सिस्टर (तुर्भे)

काकांच्या म्हणण्यात थोडी भर घालते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. मेथहिमोग्लोबिन वाढलं की तो ८५ टक्क्यांच्या आसपास अडकतो आणि ऑक्सिजन लावूनही आकडा हलत नाही. हीच खूण समजा. रक्त काढलं तर चॉकलेटी दिसतं, हवेत ठेवलं तरी लाल होत नाही. दवाखान्यात नेताना एमएसडीएसचा (केमिकलच्या धोक्यांची माहिती असलेला) कागद सोबत न्या आणि डॉक्टरांना "ॲनिलिनसारखं केमिकल आहे, मेथहिमोग्लोबिन बघा" असं स्पष्ट सांगा. नाहीतर हार्ट किंवा दमा समजून वेळ जातो. उतारा मेथिलिन ब्लू, शिरेतून, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, पण तो फक्त डॉक्टरांनी द्यायचा. जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्याला तो उलटतो, म्हणून कामावर घेतानाच ती तपासणी करून ठेवलेली बरी.

नवा_केमिस्ट

काका, तो आला आहे. ओठ, नखं ठीक आहेत, डोकं दुखत नाही म्हणाला. पण ती पॅन्ट त्याने घरी नेली आणि बायकोने मुलांच्या कपड्यांबरोबर धुतली. बूट तेच घातलेत, चामड्याचे आहेत. स्टोअरमध्ये बघितलं तर हातमोजे पातळ निळेच. सुपरवायझरना सांगितलं, ते इंडेंट (खरेदीची मागणी) टाकतो म्हणाले.

ऐरोलीचे_काका

इंडेंटचा माल येईपर्यंत ड्रम उघडू नका, हे सुपरवायझरना लेखी दे. मेल केलास तरी चालेल, पण दे. कामाचे कपडे कंपनीतच बदलायचे आणि कंपनीतच धुवायचे, याचाही उल्लेख त्यात कर. बूट आजच काढायला लाव. चामड्यात माल मुरतो, किती धुतलंस तरी निघत नाही, आणि पाय घामेजला की परत कातडीला लागतो. घातक कचऱ्याच्या पिंपात टाका. नवे बूट मिळेपर्यंत त्याला चप्पल घालून आत पाठवू नकोस, ऑफिसकडचं काम दे.