टेकडीवर आपटलो, आता जंगलातला सिंगलट्रॅक आणि रेल ट्रेल झेपेल का?

कोथरूडचा_पोऱ्या:
मंडळी, मदत हवीये. ताई न्यूझीलंडला असते, जानेवारीत तिच्याकडे चाललोय. भावोजी म्हणतायत ओटागो सेंट्रल रेल ट्रेल करू, १५२ किमी, चार दिवसांत होतं. जुनी रेल्वेलाइन, १९९० ला बंद पडली, रूळ उखडून २००० मध्ये सायकलींना खुली केली, त्यामुळे तिचं फार टेन्शन नाहीये. पण त्याआधी रोटोरुआला रेडवूडच्या जंगलात सिंगलट्रॅकवर (एका वेळी एकच सायकल जाईल अशी अरुंद पायवाट) नेणारेत आणि तिथे माझी जाम टरकलीये, कारण गेल्या रविवारी वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूला उतरताना वळणावर मुरमात पुढचं चाक सटकलं आणि मी कोपरावर. एका आजींनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली आणि वर पाच मिनिटं झापलं. सायकल हार्डटेल आहे (शॉक फक्त पुढे), २९ इंची चाकांची. दोन महिन्यांत काय प्रॅक्टिस करू?

चेन_पडली_परत:
वळणात पुढचा ब्रेक दाबला असणार, पैज लाव. अरे ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात सोडून द्यायचा, चाकाला एका वेळी एकच काम दे. सुटा मुरूम म्हणजे बॉल बेअरिंगवर चालवल्यासारखं आहे. उतारावर सीट चार बोटं खाली घे, पेडल आडवी ठेव, ढुंगण उचल, आणि बघायचं पुढच्या वळणाकडे, चाकाखालच्या दगडाकडे नाही, जिथे बघशील तिथेच जाशील. आणि हवा किती भरतोस ते सांग आधी.

लोकोशेड:
रेल ट्रेलला चढ का नसतो माहितीये का, वाफेच्या इंजिनाला चढवतच नाही. ओटागोची लाइन जास्तीत जास्त १:५०, म्हणजे पन्नास मीटर गेल्यावर एक मीटर चढ. आपला बोरघाट १:३७ आहे आणि तेवढ्यालासुद्धा कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन, लावतात. त्यामानाने पाषाणकडून टेकडीवर ढकलत नेतोस ना सायकल, ते कुठल्याच इंजिनाच्या बापाला जमलं नसतं 😄

सिंहगडरोड_ताई:
मी केलाय तो ट्रेल. चढ नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस, उतार पण नाही ना! दिवसभर पेडल मारतच राहायचं, आणि टेकडीवर कसं आपण सारखं उठबस करतो, तिथे नुसतं बसून राहतो, तिसऱ्या दिवशी मी जेवताना उशी मागितली होती, खोटं नाही सांगत. पॅडेड शॉर्ट्स दोन घे आणि आत काही घालू नकोस. प्रॅक्टिसला पहाटे सोलापूर रोडने यवतला जाऊन ये, वाटेत चहाला पण उतरायचं नाही. टॉर्च घे, पूलबर्नच्या घळीत बोगदे आहेत, आत खरंच काही दिसत नाही. वाटेत शेतकऱ्यांची फाटकं लागतात, बंद असेल तर मागे परत बंद करायचं, मेंढ्या असतात. ऊन भयंकर चावतं, हवा गार असली तरी. आणि महत्त्वाचं, बूट हेल्मेट सगळं इथूनच ब्रशने घासून ने आणि विमानतळावर डिक्लेअर कर. माती चालत नाही त्यांना. माझ्या बुटाच्या खाचेत टेकडीचा मुरूम निघाला, त्या बाईने टूथपिकने काढून दाखवला मला!!

रोजचा_वॉकर:
प्रॅक्टिस करा पण सकाळी ७ ते ८ टेकडीवर नको राव. मागून आवाज न करता येता, माझे गुडघे आधीच गेलेत. घंटी लावा. आणि उन्हाळ्यात तिथे गिरिपुष्पाच्या झाडांचा पाचोळा घोटाभर असतो, खालचा दगड ना तुम्हाला दिसतो ना आम्हाला.

कोथरूडचा_पोऱ्या:
काका, घंटी आजच लावतो. @चेन_पडली_परत पैज जिंकलास, पुढचाच दाबला होता. हवा आत्ता बघितली, ५५ पीएसआय 🙈 दुकानवाल्याने भरली होती, मी कधी चेकच केली नाही.

चेन_पडली_परत:
५५!! अरे दगड आहे तो, टायर नाही. वजन सत्तरच्या आसपास असेल तर २८ वर आण, ट्यूब आहे म्हणून त्याखाली नको, रिमला चेपून दोन भोकं पडतात. यवतला जाताना ४५ चालेल. रविवारी पहाटे साडेपाचला टेकडीवरच्या एआरएआयच्या गेटपाशी ये, पंप मी आणतो.

कोथरूडचा_पोऱ्या:
येतो. कोपराची खपली तोवर धरली तर.